पाळण्यातले कान : यवतमाळ जिल्हा आणि नवजात श्रवणतपासणीचा इतिहास

जन्मजात बहिरेपणाची बाहेरून कसलीही खूण दिसत नाही. फाटलेला ओठ किंवा वाकडे पाऊल सुईणीच्या हाताला पहिल्याच दिवशी कळते. ऐकू न येणारे मूल मात्र इतर मुलांसारखेच रडते, दूध पिते, हसते आणि पाच-सहा महिन्यांचे होईपर्यंत तोंडाने आवाजही काढते. यवतमाळ जिल्ह्यातल्या घरांत बारशाला आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्र’ करते, नाव सांगते. त्याच सुमारास सोनाराला बोलावून कान टोचले जातात. कानाचे एवढे कौतुक होते, पण त्या कानाला ऐकू येते की नाही हे पुढची दोन-अडीच वर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. मूल बोलत नाही म्हणून चौकशी सुरू होते, आणि तीही दमादमाने. ‘याचा बापही उशिराच बोलला’, ‘जीभ जड आहे’, ‘वाचा फुटेल हळूहळू’ असे म्हणत आणखी वर्ष निघून जाते. ही हातची गेलेली वर्षे मागे खेचत जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपर्यंत आणायची, या धडपडीतून नवजात श्रवणतपासणी जन्माला आली. त्या धडपडीचा मोठा भाग यवतमाळपासून फार दूर घडला. जिल्ह्यात तिचे फळ उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी पोचले.

या वर्षांना एवढे मोल का, तर मेंदूतील भाषेची जडणघडण कानावर पडणाऱ्या बोलण्यावर अवलंबून असते आणि तिचा सर्वांत वेगाचा काळ पहिल्या तीन वर्षांतच संपत येतो. त्या काळात कान बंद राहिले आणि हातांची भाषाही समोर आली नाही, तर मूल कोणत्याच भाषेविना वाढते. बुद्धीत काडीचाही उणेपणा नसताना त्याला मंद ठरवले जाते. जुन्या पिढीतल्या कित्येक बहिऱ्या माणसांचे आयुष्य ढोरे वळण्यात किंवा परक्याच्या वावरात राबण्यात गेले, त्याचे मूळ पुष्कळदा इथेच होते.

जिल्ह्यातल्या बहिऱ्यांची सर्वांत जुनी सरकारी दखल दवाखान्याच्या नव्हे, जनगणनेच्या कागदांत सापडते. इंग्रजी अमदानीत या भागाला वणी जिल्हा म्हणत. १९०५ च्या वऱ्हाडाच्या फेररचनेत पुसद तालुका वाशीमकडून येऊन मिळाला आणि जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. १८८१ पासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी होणाऱ्या गणनेत आंधळे, वेडे, महारोगी यांच्याबरोबर मूकबधिरांचीही नोंद होई. १९०१ साली प्रगणकाला दिलेली सूचना स्पष्ट होती : जन्मापासून बहिरा आणि मुका असेल त्याचीच नोंद करायची. म्हाताऱ्या माणसाचे कमी ऐकू येणे त्यात धरायचे नव्हते. या आकड्यांवर काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना एक गोष्ट पुन्हापुन्हा खटकली. पाच वर्षांखालच्या मूकबधिर मुलांची संख्या संशय यावा इतकी कमी भरे आणि पुढच्या वयोगटात ती एकदम वाढे. जन्मजात दोषाचे प्रमाण वयाबरोबर वाढायचे काही कारण नाही. मूल पुढेमागे बोलेल या आशेवर आई-बाप प्रगणकाला सांगतच नसत, आणि पुष्कळांना तोवर स्वतःलाच ते कळलेले नसे. निदान उशिरा होते याचा हा आकड्यांतला पुरावा शंभर वर्षांहून जुना आहे.

पुढे १९४१ ते १९७१ या काळात हा प्रश्न जनगणनेतून गळला. १९८१ साली तो परतला तेव्हा आंधळे, पांगळे आणि मुके एवढेच विचारले गेले, बहिऱ्यांचा रकाना नव्हताच. मुकेपण दिसते म्हणून ते विचारायचे, आणि ज्या बहिरेपणातून ते येते ते विचारायचे नाही, अशी ती मांडणी होती. ऐकण्याच्या अपंगत्वाची वेगळी नोंद २००१ मध्ये झाली. त्या वर्षी देशभरात १२.६ लाख लोक मोजले गेले, २०११ मध्ये ५०.७ लाख. दहा वर्षांत देश चौपट बहिरा झाला नव्हता. प्रश्न आणि सूचना बदलल्या होत्या. त्यामुळे या आकड्यांवरून एखाद्या जिल्ह्याचा अंदाज बांधताना सावध राहावे लागते. जगभरच्या अभ्यासांतून दिसणारे प्रमाण हजार जन्मांमागे १ ते ३ कायमचे, उपचार लागणारे श्रवणदोष असे आहे, आणि जन्मतः अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांत ते याच्या कित्येक पट असते. २०११ मध्ये २७,७२,३४८ लोकसंख्या असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात दरवर्षी अशी अनेक मुले जन्मतात, एवढे निश्चित म्हणता येते.

मूल बहिरे आहे हे कळल्यावर तरी करायचे काय? मुंबईत माझगावला १८८० च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिरांची शाळा निघाली. ती देशातली अशी पहिली शाळा मानली जाते. वणी किंवा उमरखेडच्या शेतकऱ्याला ती शाळा असून नसल्यासारखी होती. पुढे शकुंतला नावाने ओळखली गेलेली अरुंद रुळांची गाडी यवतमाळहून मूर्तिजापूरला नेऊन सोडे आणि तिथून मुंबईची मोठी गाडी मिळे, पण एवढ्या लांब मूल ठेवणे मोजक्याच घरांना परवडणारे होते. नंतर विदर्भात आणि खुद्द जिल्ह्यात मूकबधिर विद्यालये निघाली, समाजकल्याण खात्याच्या अनुदानावर निवासी शाळा चालू लागल्या. त्यांनी मोठे काम केले. मात्र तिथे मूल येई ते सहा-सात वर्षांचे होऊन, म्हणजे भाषेचा पहिला बहर ओसरल्यावर. शिक्षकांना पहिलीच्या वर्गात आईच्या मांडीवरचे काम करावे लागे.

लहान मुलांचे कान तपासण्याची पहिली शिस्तशीर पद्धत इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आयरीन आणि अलेक्झांडर युइंग या दांपत्याने घालून दिली. त्यांचा त्यावरचा लेख १९४४ चा आहे. सात-आठ महिन्यांचे मूल आईच्या मांडीवर बसवायचे, एकीने समोर खेळणे दाखवून त्याचे लक्ष धरून ठेवायचे आणि दुसरीने मागे, त्याच्या नजरेआड, खुळखुळा किंवा कप-चमचा वाजवायचा. मूल आवाजाकडे मान वळवते का ते पाहायचे. यंत्राविना होणारी ही परीक्षा ब्रिटनमध्ये अनेक दशके घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांनी केली. तिच्या दोन मर्यादा होत्या. मान वळवण्याइतके मूल मोठे व्हावे लागे, आणि चलाख बहिरे मूल सावली पाहून किंवा हवेची झुळूक लागूनही मान वळवी.

त्याहून लहान वयात, थेट प्रसूतिगृहात, तपासणी करण्याचा धीटपणा अमेरिकेत डेन्व्हर शहरात मेरियन डाउन्स यांनी १९६० च्या दशकात दाखवला. स्वयंसेविकांनी झोपलेल्या बाळाजवळ हातातल्या यंत्राने मोठा आवाज करायचा आणि ते दचकते का, पापण्या हलवते का ते लिहून ठेवायचे. सुमारे १७,००० बाळांची अशी तपासणी झाली. निष्कर्ष निराशेचा निघाला. ऐकू येणारी कित्येक बाळे दचकत नव्हती, न ऐकणारी योगायोगाने हलत होती, आणि पाहणाऱ्या दोघींचे मत जुळत नव्हते. डाउन्स यांनी स्वतःच सरसकट तपासणीचा हा मार्ग तूर्त सोडावा असे मत दिले आणि जोखमीच्या बाळांची यादी करण्यावर भर दिला. स्वतःच्या आवडत्या कल्पनेविरुद्ध पुरावा मान्य करणाऱ्या या बाईंचे मोठेपण या इतिहासात आवर्जून नोंदवण्याजोगे आहे. त्यांच्याच आग्रहातून १९६९ मध्ये बालश्रवणाची संयुक्त समिती उभी राहिली, आणि पुढच्या अर्धशतकातले बहुतेक नियम तिने घडवले.

कोंडी फुटली ती बाळाच्या वागण्याऐवजी त्याच्या कानालाच विचारता येऊ लागल्यावर. १९७० च्या सुमारास डॉन ज्युएट यांनी आवाजाने मेंदूच्या बुंध्यात उठणाऱ्या सूक्ष्म विद्युतलहरी डोक्याच्या कातडीवरून टिपून दाखवल्या. यातून जी चाचणी निघाली तिला आपल्याकडे सगळे ‘बेरा’ म्हणतात; विदर्भातल्या आई-बापांनाही आज हाच शब्द ठाऊक असतो. दुसरा शोध लंडनच्या डेव्हिड केम्प यांचा. निरोगी अंतर्कर्ण आवाज नुसता घेत नाही, त्याला उत्तर म्हणून स्वतःही अतिशय क्षीण आवाज बाहेर टाकतो, हे त्यांनी १९७८ मध्ये सिद्ध केले. थॉमस गोल्ड यांनी ही शक्यता १९४८ मध्येच मांडली होती, पण तेव्हा ती कोणी मनावर घेतली नाही. अंतर्कर्णातल्या बाह्य केसपेशी शाबूत असतील तर हा प्रतिसाद मिळतो, त्या नसतील तर मिळत नाही. या तत्त्वावरची ‘ओएई’ चाचणी बाळाच्या झोपेत काही मिनिटांत होते. अमेरिकेत १९९३ मध्ये तज्ज्ञांच्या राष्ट्रीय परिषदेने प्रत्येक नवजात बाळाची तपासणी करावी अशी शिफारस केली, आणि इंग्लंडने २००१ ते २००६ या काळात ती देशभर लागू केली. दरम्यान १९९८ मध्ये कोलोराडोतील ख्रिस्तीन योशिनागा-इटानो यांनी दाखवून दिले की सहा महिन्यांच्या आत ज्यांचे निदान होऊन मदत सुरू झाली, त्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे असते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, हा आज जगभर पाळला जाणारा दंडक अशा पुराव्यांवर उभा आहे.

भारतात या विद्येचे पहिले मोठे केंद्र म्हैसूरला १९६५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था. महाराष्ट्रात मुंबईच्या नायर रुग्णालयात श्रवणतज्ज्ञ तयार होऊ लागले आणि ९ ऑगस्ट १९८३ रोजी वांद्र्याला राज्याचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. या संस्थांतून बाहेर पडलेले तज्ज्ञ बहुतांशी शहरांतच राहिले. यवतमाळला १९८९ मध्ये वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हा कान-नाक-घसा विभाग जिल्ह्याच्या गावी आला. तोवर असा प्रश्न घेऊन जायचे म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटरवरचे नागपूर गाठायचे.

तरीही नवजात तपासणीला खरी अडचण यंत्राची नव्हतीच. बाळ दवाखान्यात जन्मलेच नाही तर दवाखान्यातले यंत्र काय करणार? अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक अजून डफरीन म्हणतात, इतकी वऱ्हाडातली स्त्री-रुग्णालयाची परंपरा जुनी आहे. पण खेड्यांत, बंजारा तांड्यांवर आणि कोलामांच्या पोडांवर बाळंतपण सुईणीच्याच हाती राहिले. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही महाराष्ट्रातली सुमारे ६५ टक्केच बाळंतपणे दवाखान्यांत झालेली दिसतात. जननी सुरक्षा योजना आणि आशा कार्यकर्त्या आल्यावर चित्र झपाट्याने पालटले. २०१५-१६ मध्ये हेच प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. श्रवणतपासणीला लागणारा पाया या दशकात, दुसऱ्याच कारणासाठी, घातला गेला.

घरी जाऊन बाळ पाहण्याची पद्धतही विदर्भातूनच आली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. हा प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच धर्तीवर आज देशभर आशा पहिल्या ४२ दिवसांत बाळाच्या घरी सहा-सात फेऱ्या मारते. वजन, ताप, दूध ओढणे हे तिला पाहता येते. कान मात्र तिच्या डोळ्यांना दिसत नाही. आवाजाने दचकते का, आईच्या बोलण्याने शांत होते का, एवढे ती विचारू शकते, आणि डेन्व्हरचा अनुभव सांगतो की या प्रश्नांची उत्तरे फसवी असतात.

बहिरेपणासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये २५ जिल्ह्यांत सुरू झाला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाची ओएई चाचणी, घरी जन्मलेल्याची लसीकरणाच्या वेळी प्रश्नावली, अशी त्याची आखणी होती. पाठोपाठ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मतः असणारे नऊ दोष त्यात घेतले आहेत आणि जन्मजात बहिरेपण त्यांपैकी एक आहे. दोन आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासते; संशय आलेल्या मुलासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असावे आणि तिथे श्रवणतज्ज्ञ असावा, असा नियम आहे. कागदावरची ही रचना उत्तम आहे. यवतमाळसारख्या सोळा तालुक्यांच्या जिल्ह्यात तिचे यश जिल्ह्याच्या गावी श्रवणतज्ज्ञाचे पद भरलेले आहे की नाही, या एका गोष्टीवर फार अवलंबून राहते.

प्रत्यक्ष तपासणी अशी होते. बाळाला पोटभर पाजून झोपवतात. मऊ रबराची बोंडी लावलेली नळी कानात बसवली की त्यातून टिक-टिक असे बारीक आवाज जातात आणि नळीतलाच ध्वनिग्राहक कानाचा प्रतिसाद टिपतो. पडद्यावर ‘पास’ किंवा ‘रेफर’ उमटते. ‘रेफर’ म्हणजे बहिरा नव्हे, पुन्हा तपासायला हवा एवढेच. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी कानात गर्भजल आणि चिकट पांढरा मळ असतो, म्हणून शक्यतो दुसरा दिवस उलटल्यावर चाचणी घेतात. कानात कोमट तेल घालायची आजीबाईंची रीत इथे आडवी येते. ती कानाच्या आरोग्यालाही बरी नाही. कूलरची घरघर, नातेवाइकांची वर्दळ आणि शेजारच्या खाटेवरचे रडे अशा प्रसूतिकक्षात चाचणी बिघडते, म्हणून निवांत खोली लागते. दुसऱ्यांदाही ‘रेफर’ आले तर बेरा. त्यात कपाळावर आणि कानांमागे चकत्या चिकटवून झोपेत मेंदूच्या लहरी घेतात. जे बाळ काही दिवस काचेत ठेवले होते, ज्याला कावीळ फार चढली होती किंवा जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिनसारखी औषधे द्यावी लागली, त्याची बेरा मुळातच करावी असे मानतात. कारण अंतर्कर्ण चांगला असून पुढची नस बिघडलेली असेल तर ओएईला ते कळत नाही.

सर्वांत जास्त मुले गळतात ती पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीच्या मध्ये. पहिले बाळंतपण माहेरी होते. बाळ दारव्ह्यात जन्मते आणि दोन-तीन महिन्यांनी महागावला किंवा पार दुसऱ्या जिल्ह्यात सासरी जाते. फोन नंबर लिहिलेला असतो तो मामाचा. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला घराबाहेर काढत नाहीत, आणि नियम पहिल्याच महिन्याचा आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीने यवतमाळ गाठणे अवघड असते. पुसद-उमरखेडकडची कित्येक कुटुंबे तर दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून गेलेली असतात. केरळात कोचीच्या बालरोगतज्ज्ञांनी २००३ पासून एक व्यवहारी तोड काढली. एकच यंत्र घेऊन तंत्रज्ञ ठरलेल्या दिवशी शहरातल्या निरनिराळ्या प्रसूतिगृहांत फिरे, आणि फेरतपासणी दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी होई. लसीसाठी आई येतेच. सव्वा महिनाही तोवर उलटलेला असतो. पुसद, पांढरकवडा आणि दारव्ह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांना धरून असा फिरता क्रम आखला, तर या जिल्ह्याच्या चालीरीतींशी तो सहज जुळेल.

कारणांपैकी काही टाळता येण्याजोगी आहेत. गरोदरपणी रुबेला झाला तर बाळ बहिरे होऊ शकते. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली आणि ही लस आता नेहमीच्या लसीकरणात आहे. आनुवंशिक बहिरेपणाचा मोठा वाटा अप्रभावी जनुकांचा असतो. दोन्ही पालक चांगले ऐकणारे असतात, कुटुंबात कोणी बहिरे नसते, आणि तरीही मूल बहिरे जन्मते. जवळच्या नात्यात लग्ने होतात तिथे ही शक्यता वाढते. यात आईचा दोष नसतो, आणि हे घरच्या मोठ्या माणसांसमोर स्पष्ट सांगणे हा समुपदेशनाचा भाग असायला हवा, कारण बोल बहुधा तिलाच लागतो.

निदानानंतरची मदत पूर्वी छातीवर अडकवायच्या डब्यापुरती आणि त्यातून कानाकडे जाणाऱ्या वायरीपुरती होती. १९८१ पासूनच्या केंद्राच्या साहाय्यक-साधन योजनेतून शिबिरांत अशी यंत्रे वाटली गेली. पुष्कळ घरांत सेल संपल्यावर ती खुंटीला टांगली गेली. कर्णावर्त रोपणाची शस्त्रक्रिया भारतात १९९० च्या दशकात रुळू लागली, मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने हे तिच्या अग्रणींपैकी एक, त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी केंद्राच्या योजनेत दरवर्षी ५०० मुलांसाठी प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंत रोपणाची तरतूद झाली आणि वांद्र्याच्या संस्थेकडे तिची जबाबदारी आली. रोपणानंतर दोन-तीन वर्षे वाचाउपचार चालू ठेवावे लागतात. झरी-जामणीतल्या कुटुंबाला त्याची सोय शस्त्रक्रियेपेक्षा कठीण जाते. ज्या मुलांना रोपण होत नाही किंवा पालकांना नको असते, त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा लहानपणापासून शिकवणे तितकेच महत्त्वाचे आहे. दिल्लीत २०१५ मध्ये तिच्यासाठी राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या भाषेला मान्यता दिली, आणि जोखमीची मुले ओळखण्यासाठी सर्व मुलांची वर्षातून एकदा तपासणी करणे शासनावर सोपवले. ही तरतूद मोठी होत जाणाऱ्या मुलांसाठीही लागते, कारण काही श्रवणदोष जन्मतः नसतात. मेंदूज्वर, गोवर, गालगुंड किंवा वर्षानुवर्षे वाहणारा कान यांतून ते नंतर येतात, आणि प्रसूतिगृहात ‘पास’ झालेल्या मुलाकडेही अंगणवाडीत पुन्हा लक्ष द्यावे लागते.